प्रभुलिंगअण्णांचे हात

प्रभुलिंग हत्तुरे ठार बहिरे होते आणि आमच्या नाटकमंडळीतले सगळ्यांत भरवशाचे नट होते. ही दोन्ही वाक्यं एकाच माणसाबद्दल खरी कशी, हे सोलापूरबाहेरच्या लोकांना पटवताना माझी दमछाक होते. शहराच्या पूर्व भागात, यंत्रमागवाल्यांच्या वस्तीत, कुणाला पटवावं लागत नाही. उभा जन्म पॉवरलूमवर काढलेल्या माणसाला नीट ऐकू येत असेल, तर हा कामाला जात होता की घरी झोपत होता, असं तिथं विचारतील.

अण्णा मूळचे अक्कलकोटकडचे. घरात कानडी, गल्लीत मराठी, कारखान्यात तेलुगू. टॉवेलच्या कारखान्यात लागले तेव्हा मिसरूड फुटत होतं. लूम सुरू झाले की शेजारच्याच्या कानात ओरडून उपयोग नसतो, म्हणून लूमवरची माणसं एकमेकांचे ओठ वाचतात आणि हातांनी बोलतात. कपाळाला दोन बोटं लावली की मालक आला. मूठ मनगटातून उलटी फिरवली की बंद, कुलूप. हनुवटीखालून तळवा पुढं सारला की खोटं, थाप. या भाषेत शिव्या दिल्या जातात, चेष्टा होते, एका शेडमध्ये तर सोयरीक जमल्याचं अण्णा सांगायचे. "बाई, आमी शेडमदी लई बोलतो," असं ते म्हणायचे, "भाईर आलो की गप."

मी एका खासगी शाळेत मराठी शिकवायचे आणि कामगारांच्या नाट्यस्पर्धेसाठी नाटकं बसवायचे. अण्णांबरोबर काम करायचं तर नियम एकच होता: त्यांच्याकडं पाठ फिरवून बोलायचं नाही. ओठ दिसले की झालं. विंगेतल्या प्रॉम्प्टरचा त्यांना काडीचा उपयोग नव्हता, त्यामुळे त्यांचं पाठांतर चोख. एका वर्षी परीक्षकांनी लिहून दिलं की, श्री. हत्तुरे यांना सहकलाकाराचं मन लावून ऐकण्याची दुर्मीळ हातोटी आहे. ते वाचून दाखवल्यावर अण्णा पोट धरून हसले आणि नंतर वर्षभर आम्ही त्यांना 'ऐकणारे' म्हणत होतो.

मग मंदी आली. मंदी हा शब्द आम्ही इतक्यांदा ऐकलेला होता, की पहिले काही महिने कुणी मनावर घेतलं नाही. टॉवेलची परदेशातली मागणी थांबली, सूत महागलं, एकेक शेड आधी एका पाळीवर आली आणि मग बंद झाली. ज्या गल्ल्यांतून जाताना बोलणं ऐकू येत नसे, त्या गल्ल्यांत भांडी घासल्याचा आवाज यायला लागला. लूम भंगारात निघाले. तरुण पोरं पुण्याला गेली, त्यामुळे गणपतीत लेझमाच्या रांगा पुऱ्या होईनात, आणि मंडळांनी हलगीवाल्यांना यंदा नको म्हणून सांगितलं. आम्ही ज्या हॉलमध्ये तालमी करायचो, तिथं एका व्यापाऱ्यानं न खपलेल्या टॉवेलांचे गठ्ठे लावले. माझ्या शाळेचं अनुदान अडकलं आणि माझा पगारही. आधी लोकांनी नाटक सोडलं, मग दूध, मग दवाखाना. याच क्रमानं सोडलं असं मी म्हणणार नाही, पण नाटक पहिल्यांदा सुटलं हे नक्की.

त्या काळात सरकारनं सुधारणा आणली. तिचं एक टोक यंत्रमागाचं होतं. जुने लूम अधिकाऱ्यांसमोर घणानं फोडायचे, फोटो काढायचा, मग नवे लूम घ्यायला सरकार मदत करणार. ज्यांना लूमच नको, त्यांना चिंचोळी एमआयडीसीतल्या केंद्रात नवं काम शिकवणार. दुसरं टोक आमच्यासाठी होतं. 'श्रमरंग' नावाखाली बेकार कामगार आणि कलावंतांची पथकं करायची, त्यांना महिन्याला मानधन द्यायचं आणि त्यांनी चौकाचौकात पथनाट्य करून ही सुधारणा लोकांना समजावून सांगायची. कागदावर मला ती योजना आवडली होती, हे उगाच कशाला लपवू? भुकेल्या नटाला कुणीतरी नट म्हणून काम देत होतं.

आमच्या पथकावर नेमलेला समन्वयक अनिमेष हा पुण्याचा, पंचविशीतला, मनापासून काम करणारा. त्याला खलनायक करून टाकलं असतं तर सांगणं सोपं झालं असतं, पण तो तसा नव्हता. त्यानं अण्णांना निवडलं आणि मुख्य भूमिका दिली. जुनाट लूमला चिकटून बसलेला विणकर, जो शेवटी अधिकारीबाईंचं ऐकून सुधारतो. अधिकारीबाई मी.

अण्णांनी त्या भूमिकेवर विश्वास ठेवला. एवढा, की एका सुट्टीच्या दिवशी ते स्वतःच चिंचोळीला जाऊन आले, नाव घालायला. तिथं नव्या रंगाची इमारत होती, मोठा फलक होता आणि दाराला कुलूप होतं. पायऱ्यांवर शेळ्या बसल्या होत्या. राखणदारानं सांगितलं की, उद्घाटनापुरतं उघडलं होतं, नंतर कुणी आलं नाही. अण्णांनी हे अनिमेषला सांगितलं. त्यानं वरती दोनदा कळवलं आणि उत्तर आलं, प्रक्रिया सुरू आहे.

प्रयोग मात्र प्रक्रियेसाठी थांबले नाहीत. पहिला प्रयोग अशोक चौकाजवळ, जिथं अण्णांना दर दुसरा माणूस ओळखत होता. अण्णांनी वाक्य घेतलं, "चिंचोळीला नवं केंद्र उघडलंय, मी तर निघालो," आणि गर्दीतून अंबादासनी हनुवटीखालून तळवा पुढं सारला.

अंबादास म्हणजे अण्णांचे शेडमधले सोबती. दोघांचे लूम वर्षानुवर्षं समोरासमोर. पुढं अंबादासनी कर्ज काढून दोन जुने लूम घरातच, पुढच्या खोलीत टाकले आणि मंदीतही सूत मिळेल तेव्हा ते चार तास का होईना, चालवत होते. त्यांच्या शेजारी उभ्या असलेल्यानंही तळवा सारला. मग आणखी एकानं. तोंडानं कुणी चकार शब्द काढला नाही. योजनेचे साहेबलोक खुर्च्यांवर बसून टाळ्या वाजवत होते आणि त्यांच्या डोक्यांवरून अख्खी गल्ली अण्णांना खोटारडा म्हणत होती. मला तेव्हा ती भाषा येत नव्हती. मला एवढंच दिसलं की अण्णांचा चेहरा पडला आणि नाटकात नसताना त्यांनी घाम पुसला.

त्या संध्याकाळी मी त्यांच्याबरोबर घरापर्यंत गेले. नागव्वा, त्यांची बायको, कडक भाकरी करून खानावळींना देत असत. आता खानावळीच रिकाम्या. उतरंडीसारख्या रचलेल्या भाकरी तशाच होत्या. "ऊटा माड्री," म्हणून त्यांनी ताट पुढं केलं. अण्णांनी ते सरकवलं आणि काय झालं ते सांगितलं.

नागव्वा माझ्याकडं वळल्या. "बाई, तुमीच सांगा. घरात येणारं हे एकच मानधन हाय. अन् ह्यांना मानाची पडलीया." मग अण्णांना ओठ दिसावेत म्हणून समोर बसून म्हणाल्या, "लोक काय खायाला घालणार हायत का?"

"मानाचं न्हाय गं," अण्णा म्हणाले. "उद्या अंबादासच्या दारात कुटल्या तोंडानं जाऊ, तेवढं सांग. मी सांगितलं अन् त्यानं लूम फोडलं तर? त्याच्याकडं दुसरं काय हाय?"

काम सोडलं तर घर उपाशी आणि केलं तर सगळ्या माणसांत एकटं. अण्णा बराच वेळ भाकरीचे तुकडे करत बसले आणि खाल्लं काहीच नाही.

पुढच्या प्रयोगात त्यांनी वाट काढली. विडी घरकुल वसाहतीच्या मैदानात गर्दी बऱ्यापैकी होती. अण्णांनी तेच वाक्य घेतलं, त्याच खणखणीत आवाजात, "चिंचोळीला नवं केंद्र उघडलंय," आणि बोलता बोलता हात वर नेऊन मूठ मनगटातून उलटी फिरवली. मला वाटलं, नवीन काहीतरी अभिनय करताहेत. गर्दीत मात्र हशा उसळला. नंतरच्या वाक्यांना ते तोंडानं सुधारणेचं गुणगान करत होते आणि हात सांगत होते: लूम फोडू नका, थांबा. नव्या लूमची मदत अजून कुणालाच मिळालेली नाही. कुर्डुवाडीकडं गुदामात माणसं घेताहेत, तिकडं जा. अमका मुकादम पैसे बुडवतो, त्याच्याकडं जाऊ नका. माणसं पुढं सरकून सरकून बघत होती.

प्रयोगानंतर मी त्यांना गाठलं. काय केलं ते त्यांनी सांगितलं. हे वर कुणी सांगितलं तर सगळ्या पथकाला घरी बसवतील, असं मी त्यांना म्हणाले.

"कोण सांगणार, बाई?" ते म्हणाले. "सायबाला लूमची बोली येती व्हय? आवाज त्यांनी इकत घेतलाय, त्यो त्यांना दिला. हात माजं हायत."

मी चिडले, दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही, आणि तिसऱ्या प्रयोगाला गेल्यावर माझ्या लक्षात आलं की मी त्यांच्या हातांकडं बघत उभी आहे आणि माझं वाक्य चुकलंय. इतकं खरं नाटक मी आयुष्यात केलेलं नव्हतं. गर्दी वाढत गेली. लोक आधीच्या दिवशी विचारायचे, उद्या कुठल्या चौकात? अंबादास रोज येऊन पुढं बसायला लागले आणि प्रयोग संपला की अण्णांच्या पाठीवर थाप मारून जायला लागले. पूर्व भागात बोललं जायचं की आवाज सरकारचा, हात अण्णाचे. हात जे सांगतील ते धरून चालायचं, बाकीचं सोडून द्यायचं.

अनिमेष बेहद्द खूश होता. "काकांची बॉडी लँग्वेज बघा मॅडम," असं तो मला म्हणाला, "लोक कसले गुंततात." त्यानं अहवालात तसं लिहिलं. वरच्यांनी तो वाचला आणि त्यांना वाटलं, एवढं परिणामकारक नाटक एकाच गावात का अडकवून ठेवायचं? अण्णांचं बोलणं चित्रित करायचं आणि मोठ्या पडद्याची गाडी जिल्हाभर फिरवायची. मग पथकांची गरज राहणार नव्हती. सुधारणेची अशी सुधारणा झाली आणि आमचा प्रयोग त्या महिन्यात बंद झाला.

चित्रीकरण सात रस्ता चौकाजवळच्या एका स्टुडिओत झालं. मला बोलावलं नव्हतं, नटीचं काम संपलं होतं. नंतर अण्णांनी सांगितलं ते असं: दोन दिवे, एक खुर्ची, आणि समोर कॅमेरावाला. त्यानं खुर्चीवर बसून सगळं सलग बोलायला सांगितलं. अण्णांनी त्या दिवशी जीव ओतला. प्रत्येक वाक्यामागं हात चालवला, एकही खूण सोडली नाही. बसून करायचं म्हणून खुणा जरा खाली, छातीपाशी घ्याव्या लागल्या, पण स्वच्छ घेतल्या. चिंचोळीचं कुलूप दोनदा दाखवलं. शेवटी तर तोंडानं "नमस्कार" म्हणताना हातांनी 'लूम सांभाळा' म्हणून सांगितलं. कॅमेरावाल्यानं अंगठा उंचावला.

"बाई, आता हे बारशीला, अक्कलकोटला, सगळीकडं जाणार," ते मला सांगत होते आणि मी त्यांना इतकं आनंदात कधी पाहिलेलं नव्हतं. "मी किती चौक फिरलो असतो?"

माझ्याही डोक्यात काही आलं नाही. आम्ही रंगमंचाची माणसं. समोर बसलेल्याला आपण डोक्यापासून पायापर्यंत दिसतो, हे आम्ही जन्मभर धरून चाललेलो. कॅमेरा किती घेतो आणि किती टाकून देतो, हे अण्णांनी विचारलं नाही आणि त्यांना कुणी सांगितलं नाही.

पथक बंद झाल्यावर अण्णा बार्शीच्या धान्यबाजारात पोती शिवायला गेले. ते गेल्यावर पडद्याची गाडी फिरायला लागली. माझ्या गल्लीत ती आली तेव्हा आधी पूर्व भागात आठवडाभर फिरून झाली होती. मी गॅस बंद करून पायऱ्या उतरून धावत गेले, अण्णांना बघायला. पडदा केवढा तरी होता आणि त्यावर अण्णांचा चेहराच चेहरा. केसांपासून गळ्यापर्यंत. खांदे थोडे हलताना दिसत होते, बस. "चिंचोळीला नवं केंद्र उघडलंय, मी तर निघालो," असं ते प्रेमळ डोळ्यांनी सांगत होते आणि खाली हातांच्या जागी योजनेचं नाव आणि फोन नंबर सरकत होता.

मी ड्रायव्हरला गाडी थांबवायला सांगितली. तो म्हणाला, बाई, मला डिझेल किती जाळायचं तेवढं माहीत आहे. अनिमेषला फोन लावला तर त्याची बदली झालेली. बहिऱ्या माणसाला फोन करता येत नाही, म्हणून बार्शीच्या अडत्याच्या फोनवर निरोप टाकला की अण्णांना ताबडतोब पाठवा. दुसऱ्या दिवशी दुपारच्या एसटीनं ते आले. मी स्टँडवरच त्यांच्या समोर उभी राहून सांगितलं. त्यांना आधी समजलंच नाही. त्यांनी माझ्या ओठांकडं बघत आपल्या गळ्यावर आडवा हात ठेवला, इथपर्यंतच? मी मान हलवली. मग ते घरी न जाता थेट अंबादासकडं निघाले आणि मी त्यांच्या मागं.

अंबादासच्या पुढच्या खोलीत काही नव्हतं. फरशीत बोल्टांची भोकं होती आणि लूमच्या पायांचे तेलकट चौकोन होते. त्यांच्या बायकोनं सांगितलं की चार दिवसांपूर्वी अधिकारी आले, यांनी स्वतःच्या हातानं दोन्ही लूमांवर घण घातला, फोटो काढला, भंगारवाला लोखंड घेऊन गेला. काल हे चिंचोळीला जाऊन आले. तेव्हापासून असे बसलेत.

अंबादास कोपऱ्यात भिंतीकडं तोंड करून बसले होते. अण्णा समोर जायला वळले तसे तेही वळले, आणि पुन्हा अण्णांना पाठच दिसली. बहिऱ्या माणसाशी बोलणं तोडायला आणखी काही करावं लागत नाही.

ते भिंतीशीच बोलले, आणि ते मला ऐकू आलं.

"गल्लीतली माणसं म्हणली, अरे, अण्णा सांगतोय खरं, पण हात कुटं हायत? मी म्हणलं, हात गप हायत म्हंजी ह्या बारीला खरं असंल. खोटं असतं तर त्येनं कुटनं तरी सांगितलं असतं. मी तीन येळा गाडीच्या मागं गेलो, बगायला. कायच म्हणला न्हाई. म्हणून घण घातला."

अंबादासची मान हलताना दिसली तसं अण्णांनी माझ्याकडं पाहिलं. "काय म्हणतोय?"

खोटं सांगावं असं मला फार वाटलं. पण या माणसाला ओठांवरचं खोटं लगेच दिसतं. मी त्यांच्यासमोर उभी राहिले, ओठ नीट हलवले आणि शब्दन् शब्द सांगितला.

आवाज विकलेला होता, तो अण्णांनी वापरला नाही. त्यांनी हात उचलले आणि अंबादासच्या पाठीशी बोलायला लागले. खुर्ची, दिवे, कॅमेरा, कुलूप, पुन्हा कुलूप, फोडू नका, फोडू नका. स्टुडिओत केलेली सगळी भूमिका त्यांनी त्या रिकाम्या खोलीत पहिल्यापासून केली, भराभर, श्वास लागेपर्यंत. अंबादासची बायको पदर तोंडाशी धरून बघत होती. तिला ती बोली येत होती, ती रडत होती. अंबादासनी मात्र मान वळवली नाही.

शेवट आला की अण्णा पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होते. तिसऱ्यांदा सुरू झालं तेव्हा मला बघवेना. मी पुढं झाले, त्यांचे दोन्ही हात धरले आणि खाली घेतले.